कंकनाडीच्या वडाखालचा दवाखाना

आमच्या पिढीतील अनेक घरांत, पवित्र क्रुसाच्या खालच्या फळीवर, एक लहानशी लाकडी पेटी असे. तिच्या खणांतून बुचाच्या इवल्या शिशा ओळीने उभ्या असत. पोट बिघडले की नक्स व्होमिका, ओकारी थांबेना की इपेकॅक, कोरडा खोकला छातीत ठणकू लागला की ब्रायोनिया. ही अगम्य नावे आमच्या आजींना जपमाळेच्या रहस्यांइतकी पाठ होती. जिभेवर विरघळणाऱ्या त्या गोड साबुदाण्यांसाठी खोटे खोकल्याचे पातक आमच्यापैकी कित्येकांनी बालपणी केले आहे! पण ही पेटी ख्रिस्ती घरात आली कोठून? तिचा इतिहास पाहू गेल्यास आपण थेट पेरूच्या अरण्यात जाऊन पोहोचतो.

सतराव्या शतकात दक्षिण अमेरिकेतील येशूसंघीय धर्मगुरूंनी सिंकोना वृक्षाची कडू साल युरोपात पाठविली. रोममध्ये कार्डिनल हुआन दे लुगो यांनी हिवतापाच्या गोरगरीब रुग्णांसाठी तिचा पुरस्कार केला. लोक तिला ‘जेजुइटांची साल’ म्हणू लागले. पुढे १७९० साली सॅम्युएल हानेमान हे जर्मन वैद्य स्कॉटलंडच्या विल्यम कलन यांच्या ग्रंथाचे भाषांतर करीत होते. ही साल पोटाला बळ देते म्हणून ताप हटतो, असे कलन यांचे मत. हानेमानना ते पटेना. धडधाकट असताना त्यांनी स्वतःच ती साल घेतली आणि आपल्याला हिवतापासारखीच लक्षणे झाली, असे नोंदवून ठेवले. त्यावरून त्यांनी सिद्धान्त मांडला की, जे द्रव्य निरोगी माणसात एखादे लक्षण उत्पन्न करते, तेच अत्यल्प मात्रेत त्या लक्षणाच्या रोग्याला बरे करते. १८१० साली त्यांचा ‘ऑर्गेनॉन’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि होमिओपॅथी जन्मास आली. नक्स व्होमिका म्हणजे आपल्या कोकणच्या रानातला विषारी काजराच, हे आमच्या आजींना कोणी सांगितले असते तर त्यांनी पेटी विहिरीत टाकली असती!

ही चिकित्सा आपल्या समाजात रुजविण्याचे मोठे श्रेय जाते ते फादर ऑगस्टस मुलर यांना. १८४१ साली जर्मनीत जन्मलेले हे येशूसंघीय १८७८ च्या अखेरीस मंगळुरात उतरले. मंगळूरचे मिशन नुकतेच कार्मेलाईट संघाकडून येशूसंघाकडे आले होते. १८८० साली सेंट अलॉयसियस कॉलेज सुरू झाले, तेथे ते शिकवू लागले. त्यांच्याजवळ होमिओपॅथीच्या औषधांचा संच होता. आजारी विद्यार्थ्यांना त्यातील गोळ्या देता देता गावची माणसे दारी येऊ लागली आणि त्याच वर्षी कंकनाडी येथे वडाच्या झाडाखाली त्यांचा ‘गरिबांचा दवाखाना’ उभा राहिला. त्यांची औषधे टपालाने दूरदूरच्या गावी जाऊ लागली. त्या विक्रीचा पैसा गरिबांच्या सेवेसाठी वापरला जाई. ज्यांना समाजाने वेशीबाहेर काढले होते, त्या कुष्ठरोग्यांसाठी त्यांनी १८९० साली आश्रयगृह उघडले. १९०२ साली प्लेगने शहरात थैमान घातले, तेव्हा प्लेगच्या रुग्णांसाठीही त्यांनी रुग्णालय उभारले. १ नोव्हेंबर १९१० रोजी, सर्व संतांच्या सणादिवशी, त्यांनी देह ठेवला. त्यांच्या नावाने आज कंकनाडीस होमिओपॅथीचे महाविद्यालय आहे, आणि १९९९ पासून आधुनिक वैद्यकाचे महाविद्यालयही आहे. ही दुसरी गोष्ट आम्हांस विशेष बोलकी वाटते.

कारण येथे एक अवघड प्रश्न आपल्यापुढे उभा राहतो. त्या पेटीने खरोखर बरे केले का? प्रामाणिकपणे उत्तर द्यावयाचे तर ‘तीस शक्तीच्या’ औषधात मूळ द्रव्याचे प्रमाण एकावर साठ शून्ये इतक्या भागांत एक असे असते. म्हणजे गोळीत त्याचा एक कणही उरत नाही. २०१५ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वैद्यक संशोधन परिषदेने ६१ विकारांवरील १७६ अभ्यास तपासले. एकाही विकारावर होमिओपॅथीचा गुण येतो, असा विश्वासार्ह पुरावा तिला आढळला नाही.

मग आमचे आजोबा-आजी भोळे होते काय? मुळीच नाही. १८५४ साली लंडनमध्ये पटकीची साथ आली, तेव्हा तेथील होमिओपॅथिक रुग्णालयात ६१ रुग्णांपैकी १० दगावले. इतर रुग्णालयांत मात्र निम्म्याच्या आसपास रुग्ण मरण पावत होते. गोळ्या निरुपद्रवी होत्या. त्या काळी अन्यत्र रक्त काढीत, पाऱ्याची औषधे पाजीत. जेथे उपचारच घातक, तेथे स्वच्छता, विश्रांती आणि शुश्रूषा यांचाच विजय झाला. फादर मुलर कंकनाडीस बसले, तेव्हा क्षयाचा जंतूही कॉख यांना सापडावयाचा होता. तो सापडला १८८२ साली. पेनिसिलिन तर १९२८ पर्यंत दूर होते. त्या काळी जो धर्मगुरू रोग्याची विचारपूस करी आणि त्याला स्पर्श करी, तोच त्याचा खरा वैद्य होता.

परंतु तो काळ आता राहिला नाही. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने पटकीच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचविले. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ: जुलाबावरचा हा घरगुती उपाय निर्विवाद आहे, आणि यासाठी लागणारा चमचा चहाचा. मात्र मूल पाणीही घेईनासे झाले, त्याचे डोळे खोल गेले, श्वास जलद चालू लागला वा बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, तर पेटी उघडण्यात घालविलेली घटका जिवावर बेतू शकते. दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकलेल्या खोकल्याला गोळ्यांनी झाकून ठेवणे, हेही तसेच. क्षयाची तपासणी व औषधे सरकारी केंद्रात विनामूल्य मिळतात.

शुभवर्तमानातील दयाळू शोमरोनी माणसाने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, हे आपणांस ठाऊक आहे. पण तो तेथेच थांबला नाही. जखमीला त्याने आपल्या जनावरावर बसविले, उतारशाळेत नेले आणि दोन दिनार मोजले. फादर मुलर यांची वाटचालही अशीच झाली. ते वडाच्या सावलीतून रुग्णालयापर्यंत गेले. आजींची पेटी आम्ही आजही जपून ठेवली आहे. शिशा रिकाम्या आहेत. त्या पेटीतला खरा वारसा रात्रभर उशाशी बसणाऱ्या माणसाचा आहे. तो आपण पुढे चालविला पाहिजे, आणि पहाट होण्याची वाट न पाहता रोग्याला दवाखान्याच्या दारी नेले पाहिजे.