हस्तिदंताची नक्कल आणि नकलेचा शोध

बदली पदार्थ मिळाला की मूळ पदार्थाची गरज संपते, असे आपण धरून चालतो. नवी मुंबईत दिवाळ्यासारख्या खाडीकाठच्या कोळीवाड्यांत सुती आणि तागाच्या जाळ्यांची जागा नायलॉनने घेतली. नायलॉन कुजत नाही, एवढे कारण पुरेसे होते. पण जेथे एकाच पदार्थाकडून अनेक गुणांची अपेक्षा असते, तेथे बदल इतका सोपा नसतो. पूल या खेळाच्या काठीचा, म्हणजे क्यूचा, एक लहानसा भाग याचे चांगले उदाहरण आहे.

पूल हा बिलियर्ड्स आणि स्नूकर यांचा भाऊबंद. यांपैकी स्नूकरचा जन्म १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत झाला असे मानतात, तर १९५८ साली बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेतेपद मिळवणारे विल्सन जोन्स मूळचे पुण्याचे. क्यूच्या निमुळत्या टोकाला चामड्याची टिप असते आणि तिच्यामागे, म्हाताऱ्या माणसांच्या काठीला असते तशी, शेंबी. ठोक्यांनी लाकूड चिरू नये हे तिचे काम. स्नूकरच्या क्यूची शेंबी बहुधा पितळेची, पुलाच्या क्यूची पांढरी. उंची क्यूंमध्ये ही पांढरी शेंबी हस्तिदंताची असे.

चेंडूही हस्तिदंताचेच होते. त्यांना पर्याय शोधणाऱ्यास १८६३ साली अमेरिकेत दहा हजार डॉलरचे बक्षीस जाहीर झाले. त्या प्रयत्नांतून जॉन वेस्ली हायट यांनी १८७० च्या सुमारास सेल्युलॉइड आणले. पण ते चटकन पेट घेई. १९०७ साली बेकलंड यांनी फिनॉल व फॉर्माल्डिहाइडपासून बेकेलाइट बनवले. अशा रेझिनमध्ये कागदाचे किंवा कापडाचे थर भिजवून, उष्णता व दाब देऊन वेस्टिंगहाऊस कंपनीने मायकार्टा तयार केले, तेही मुख्यतः विद्युतरोधक म्हणून. त्याचा हस्तिदंती रंगाचा प्रकार लेथवर छान कातता येतो आणि ठोके सोसतो, हे क्यू बनवणाऱ्यांनी हेरले.

पुढे तो जुना प्रकार बनणे बंद झाले. आज कारागीर त्याच्या उरल्यासुरल्या पट्ट्या आणि दांडे शोधत फिरतात. एके काळची नक्कलच आता दुर्मीळ झाली आहे!

दुसरे काही का चालत नाही? चेंडूला मध्याच्या बाजूला ठोका दिला, की चेंडू क्यूच्या रेषेतून किंचित विरुद्ध बाजूला सरकतो. क्यूच्या टोकाशी वस्तुमान जितके जास्त, तितके हे सरकणे जास्त. दर घनसेंटिमीटरला पितळ सुमारे ८.५ ग्रॅम, हस्तिदंत १.८, तर मायकार्टा १.४ ग्रॅम भरते. शेंबी बदलली की खेळाडूचा अंदाज चुकतो. शिवाय ठोक्याचा आवाज आणि हाताला जाणवणारा हादराही बदलतो.

हस्तिदंताकडे परतण्याची वाट मात्र बंद आहे, आणि ती बंदच राहिली पाहिजे. भारतात १९८६ साली भारतीय हत्तीच्या व १९९१ साली आफ्रिकी हत्तीच्या दंतव्यापारावर बंदी आली. आफ्रिकी दंताचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९० पासून बंद झाला. मिरजेच्या सतारींनाही हा प्रश्न चुकला नाही. सतारीच्या घोडीसाठी पूर्वी हस्तिदंत किंवा सांबरशिंग वापरत. आता हाड, लाकूड आणि कृत्रिम पदार्थांवर काम भागवावे लागते. तारेचा झंकार घोडीच्या पृष्ठभागावर अवलंबून असल्यामुळे तेथेही रंग जुळून भागत नाही.

वर्गात लाकूड, पितळ, प्लास्टिक यांचे सारख्या मापाचे तुकडे द्यावेत. मुलांनी त्यांची घनता काढावी, फरशीवर टाकून आवाज ऐकावा, खिळ्याने ओरखडून पाहावे आणि तक्ता करावा. मग विचारावे : यांतला कोणता गुण सोडून दिला तरी चालेल? नवा पदार्थ शोधणाऱ्याला पहिल्यांदा याच प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते.