सवलत कोणाच्या अंगणापर्यंत?

इंग्लंडमध्ये १६९६ साली घराच्या खिडक्यांवर कर बसला. जितक्या खिडक्या जास्त, तितका कर जास्त. लोकांनी काय केले? अनेकांनी खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या. घरातला उजेड गेला, हवा गेली, पण कर वाचला. हा कर रद्द व्हायला १८५१ साल उजाडले. कर बसवला की घराची भिंतसुद्धा बदलते, ती अशी.

कर माफ करूनही घर बदलता येते, हा विचार मात्र बराच अलीकडचा. विजेवर चालणाऱ्या वाहनाचा चार्जर घरी बसवणाऱ्याला करात सवलत देणे, हे त्याचे ताजे उदाहरण. ही कल्पना कोठून आली आणि रत्नागिरी शहराला लागून असलेल्या मिरजोळ्यातल्या घरापर्यंत ती कितपत पोहोचते, ते आपण पाहू.

आधी यंत्राकडे वळू. विजेची स्कूटर घरच्या साध्या प्लगवर चार-पाच तासांत चार्ज होते. मोटारीचे तसे नाही. समजा, तिच्या बॅटरीत ३० युनिट वीज मावते. १५ अँपिअरच्या प्लगमधून २३० व्होल्ट दाबाने जास्तीत जास्त सुमारे साडेतीन किलोवॅट शक्ती मिळते. प्रत्यक्षात ३ किलोवॅट धरली, तरी बॅटरी भरायला दहा तास लागतील. इतका वेळ सलग भार पेलायचा तर तारा जाड हव्यात, महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यायला हवा आणि अर्थिंग चोख हवे. कोकणात ही शेवटची गोष्ट सोपी नाही. सड्यावरचा जांभा उन्हाळ्यात कोरडा पडला की वीज जमिनीत सहज उतरत नाही. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालून तो ओला ठेवतात. तात्पर्य, चार्जरचा खर्च भिंतीवरच्या पेटीपुरता नसतो.

सवलतीचे तीन मार्ग

हा खर्च हलका करण्याचे सरकारपाशी मुख्यतः तीन मार्ग असतात. समजा, सरकारला नागरिकाचा १०,००० रुपयांचा खर्च विचारात घ्यायचा आहे. पहिला मार्ग उत्पन्नातून वजावटीचा. ज्याला २० टक्के दराने कर पडतो, त्याचे यात २,००० रुपये वाचतात. दुसरा मार्ग भरायच्या करातूनच १०,००० रुपये कमी करण्याचा. पण ज्याचा मूळ कर ३,००० रुपये आहे त्याचे ३,००० रुपयेच वाचतील आणि ज्याला करच पडत नाही त्याच्या हाती काहीही येणार नाही. तिसरा मार्ग थेट अनुदानाचा. ते कर भरणाऱ्यालाही मिळते आणि न भरणाऱ्यालाही. सरकारचा हेतू तिन्हींत एकच असला, तरी लाभ घेणारी माणसे वेगवेगळी असतात.

अमेरिकेतला अनुभव

दुसऱ्या मार्गाचा मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. १९७३ च्या तेलटंचाईनंतर ऊर्जाबचतीचा विचार सुरू झाला आणि १९७८ साली त्यासाठी कर कायदा झाला. घरावर सौर उपकरण बसवणाऱ्याला पहिल्या २,००० डॉलर खर्चावर ३० टक्के आणि पुढच्या ८,००० डॉलरवर २० टक्के रक्कम करातून कमी करून मिळू लागली. सौर बंबांचा धंदा फोफावला. १९८५ अखेर सवलत संपली आणि अनेक कंपन्यांनी गाशा गुंडाळला. सवलतीवर उभा राहिलेला धंदा सवलतीबरोबरच आडवा झाला.

चार्जरवरची सवलत याच परंपरेतली. २००५ च्या ऊर्जा कायद्यात पर्यायी इंधन भरण्याच्या उपकरणांसाठी ती आली. घरासाठी खर्चाच्या ३० टक्के, कमाल १,००० डॉलर. २००८ साली या इंधनांत विजेचा समावेश झाला. तिचा लाभ मुख्यतः सुखवस्तू घरांना मिळतो, अशी टीका होत राहिली. २०२२ च्या कायद्याने ती कमी उत्पन्नाच्या वस्त्या आणि शहराबाहेरचे भाग यांपुरती ठेवली. जुलै २०२५ च्या कायद्याने तिला ३० जून २०२६ ही अखेरची मुदत घातली.

आपल्याकडे

घरातल्या उपकरणासाठी आपल्याकडे तिसरा मार्ग जुना आहे. १९८१-८२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बायोगॅस योजनेत गोबरगॅस बांधणाऱ्या शेतकऱ्याला थेट अनुदान होते. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, तेव्हा करसवलत देऊन त्याला काय मिळणार?

विजेच्या वाहनांबाबत तिन्ही मार्ग वापरले गेले. १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या वाहनकर्जाच्या व्याजावर वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत वजावट ठेवली गेली. ती वाहनासाठी होती, चार्जरसाठी नव्हे. १ ऑगस्ट २०१९ पासून चार्जरवरचा वस्तू आणि सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ही सवलत किमतीतच उतरते, त्यामुळे गिऱ्हाईक मुंबईचे असो की मिरजोळ्याचे, तिला अर्जाची गरज नाही. दिल्ली सरकारने २०२० साली पहिल्या ३०,००० चार्जिंग जागांसाठी ६,००० रुपयांपर्यंत अनुदान जाहीर केले.

महाराष्ट्राचे धोरण जुलै २०२१ मध्ये आले. त्यात मंद गतीच्या १५,००० चार्जरांसाठी किमतीच्या ६० टक्के, कमाल १०,००० रुपये अशी तरतूद होती. स्वतःच्या घरी चार्जर बसवणाऱ्यासाठी आणखी एक सूचना होती. नागरी स्थानिक संस्थांनी अशा घरमालकाला मालमत्ता करात सवलत द्यावी. ही वाट नवी नव्हती. सौर बंब किंवा पावसाचे पाणी साठवण्याची सोय करणाऱ्या घरांना पुणे महापालिकेने अशी सवलत आधीच दिली होती.

‘नागरी’ हा शब्द मात्र नीट वाचायला हवा. महापालिका, नगरपरिषद, नगरपंचायत या नागरी संस्था. मिरजोळ्यात औद्योगिक वसाहत आहे, शहर हाकेच्या अंतरावर आहे, पण कारभार ग्रामपंचायतीचा. म्हणजे रत्नागिरी नगरपरिषदेच्या हद्दीतले घर त्या सूचनेच्या कक्षेत येत होते आणि हद्दीपलीकडचे येत नव्हते. दोघांची वीज एकाच महावितरणची, दोघांच्या अंगणात जांभा तोच. शिवाय गावातली घरपट्टी मुळातच थोडी असते. तिच्यात काही टक्के सूट दिली, तरी चार्जरच्या खर्चापुढे ती किरकोळच ठरेल. आणि गावातले घर बहुधा स्वतःचे, गाडी अंगणात उभी राहणारी. घरी चार्जर बसवणे इमारतीतल्या सदनिकेपेक्षा तेथेच सोपे!

वर्गात हा विषय घेताना मुलांना घरपट्टीची पावती आणि विजेचे बिल आणायला सांगावे. बिलावर मंजूर भार शोधावा. त्यात ३ किलोवॅट मिळवले तर किती होतो? घरपट्टीत १० टक्के सूट मिळाली तर किती रुपये वाचतील? आणि हीच रक्कम वजावट, करकपात आणि अनुदान अशा तिन्ही प्रकारे दिली, तर वर्गातल्या किती घरांना ती मिळेल? गणित चौथीच्या मुलालाही जमेल. उत्तरावरची चर्चा मात्र दहावीच्या वर्गाला तासभर पुरेल.