किरणपिस्तुलाची पारख

नाणीं, मूर्ति आणि ताम्रपट यांची पारख करणारे जाणते लोक असतात, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु लहान मुलाच्या हातांतील खेळण्यालाही अस्सल व नक्कल हा भेद लागू पडावा आणि त्याचीही तितक्याच बारकाईनें छाननी व्हावी, हें प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटतें. अमेरिकेंत मात्र तसें घडलें आहे. तें खेळणें म्हणजे किरणपिस्तूल. गोळीच्या ऐवजीं शत्रूवर किरण सोडणारें एक काल्पनिक शस्त्र.

या खेळण्याचा जन्म एका कथेंतून झाला. ऑगस्ट १९२८ च्या ‘अमेझिंग स्टोरीज’ मासिकांत फिलिप नोलन या लेखकाची एक कथा आली. तिचा नायक खाणींतील वायूनें निद्रिस्त होतो आणि सुमारें पांचशें वर्षांनीं जागा होतो. हाच नायक ७ जानेवारी १९२९ पासून ‘बक रॉजर्स’ या नांवानें वर्तमानपत्रांतील चित्रमालिकेंत अवतरला आणि घरोघर पोंचला. मिशिगन संस्थानांतील प्लिमथ गांवीं हवेच्या बंदुका करणारी ‘डेझी’ नांवाची कंपनी होती. तिनें १९३४ सालीं बक रॉजर्सचें ‘एक्स-झेड ३१’ हें रॉकेट पिस्तूल बाजारांत आणलें. तें पोलादी पत्र्याचें, साडेनऊ इंच लांबीचें असून त्याची किंमत पन्नास सेंट होती. चाप ओढला कीं ‘फट्’ असा आवाज होई, एवढेंच त्याचें सामर्थ्य. तरीही आर्थिक मंदीच्या त्या कठीण दिवसांत मुलांच्या त्यावर उड्या पडल्या. पुढें लवकरच ‘एक्स-झेड ३८’ हें पिस्तूल निघालें. त्याचें नांव ‘डिसइंटिग्रेटर’, म्हणजे वस्तूचे कण कण करून टाकणारें. त्यांत गारेचा खडा बसविलेला असे आणि चाप ओढतांच वरच्या झरोक्यांत ठिणगी चमके.

१९४२ सालीं युद्धामुळें अमेरिकेंत धातूचीं खेळणीं करणें बंद झालें. युद्ध संपलें तें हिरोशिमा व नागासाकी यांच्या संहारानंतर. त्यानंतर डेझीनें तेंच डिसइंटिग्रेटर पिस्तूल पुन्हा काढलें. पण आतां त्यावर नांव आलें ‘यू-२३५ अॅटॉमिक पिस्तूल’. यू-२३५ हा हिरोशिमावर टाकलेल्या बाँबमधील युरेनियमचा प्रकार होय. घडण तीच, नांव मात्र बदललें. पूर्वीचें नांव कल्पनेंतलें होतें. नवें नांव प्रत्यक्षांतून आलें. शास्त्रीय कल्पनेचा खेळ आणि खरा संहार यांतील अंतर किती थोड्या वर्षांत नाहीसें झालें, याची साक्ष हीं दोन पिस्तुलें शेजारीं ठेवलीं म्हणजे मिळते. कोणी यू-२३५ वरील अक्षरें घासून तें युद्धापूर्वीचें म्हणून विकलें, तर गिऱ्हाइकाचे पैसे बुडतातच, शिवाय इतिहासाचा एक साक्षीदारही मुका होतो. पारखीचें महत्त्व तें यासाठीं.

ही पारख कशी करावी? पहिला नियम असा कीं, वस्तूच्या प्रत्येक अंगानें एकच साल सांगितलें पाहिजे. डेझी कंपनी १९५८ सालीं प्लिमथ सोडून आर्कान्सा संस्थानांतील रॉजर्स गांवीं गेली. म्हणून १९३४ चें म्हणविणाऱ्या पिस्तुलावर किंवा त्याच्या खोक्यावर रॉजर्स गांवाचें नांव दिसलें, तर अधिक चौकशीचें कारणच उरत नाहीं. खोक्यावरील पत्त्यांत पांच आंकडी टपाल-संकेत असेल, तर तें खोकें १९६३ नंतरचें. कारण ती पद्धत त्याच सालीं सुरू झाली. ‘ऑक्युपाइड जपान’ अशी छाप असलेलें पत्र्याचें खेळणें दुसऱ्या महायुद्धानंतर जपान परसत्तेच्या ताब्यांत होता त्या काळांतलें. तो काळ एप्रिल १९५२ मध्यें संपला.

दुसरा नियम रंगाचा. जपानी खेळण्यांत चित्र आधीं सपाट पत्र्यावर छापीत आणि मग पत्रा कापून, दाबून, कानें दुमडून सांधीत. म्हणून मूळ रंग दुमडीबरोबर वळून सांध्याच्या आंत शिरलेला असतो. मागाहून दिलेला रंग सांध्यावरून पसरतो आणि फट बुजवितो. झीजही पाहावी. मुलाचा हात जेथें पडे तेथें, म्हणजे मूठ, चाप व कडा येथें, ती असावी; जेथें बोट पोंचतच नाहीं तेथें झीज दिसली, तर ती कानशीनें केलेली समजावी.

सर्वांत अधिक फसवणूक खोक्यांत होते, कारण मुलें पिस्तूल जपत आणि खोकें फेंकून देत. जुन्या खोक्याचें छायाचित्र घेऊन नवें छापलें, तर त्यावर जुने डाग व सुरकुत्याही छापल्या जातात. डोळ्यांना सुरकुती दिसते, पण बोटाला लागत नाहीं. अतिनील दिव्याखालीं नवा कागद बहुधा निळसर चमकतो, कारण त्यांत शुभ्रता वाढविणारें द्रव्य असतें. युद्धापूर्वीच्या कागदांत तें नसे. अर्थात् कागद चमकला नाहीं, एवढ्यावरून तो जुना ठरत नाहीं.

येथें एक विवेक ठेवणें अवश्य आहे. मोडलेली कमान बदलणें ही दुरुस्ती आहे, लबाडी नव्हे. आजही पत्र्याचीं नवीं किरणपिस्तुलें तयार होतात आणि नवीं म्हणूनच विकलीं जातात. त्यांतही दोष नाहीं. जेथें खूण पुसली जाते आणि केलेली दुरुस्ती लपविली जाते, तेथें नकलेचें पाप सुरू होतें.

म्हणून जाणता पारखी चकाकीला भुलत नाहीं. मुठीवरचा उडालेला रंग त्याला अधिक मोलाचा वाटतो. नव्वद वर्षांपूर्वीं कोणा एका मुलानें भविष्यकाळ मुठींत धरला होता, याची ती खूण आहे. आणि ती खूण कोणत्याही कारखान्यांत तयार होत नाहीं.