गर्भाशयमुखातील श्लेष्मा (गर्भारपणातील)

गर्भाशयमुखाच्या ग्रंथींतून पाझरणारा चिकट, बुळबुळीत स्राव. गर्भ राहिल्यावर तो घट्ट होतो आणि गर्भाशयमुखाची सुमारे 3 सें.मी. लांबीची वाट बुचासारखी बंद करतो. योनीतील जंतू गर्भापर्यंत पोहोचू नयेत, हे या बुचाचे काम.

घटक : श्लेष्म्यात 90 टक्क्यांहून अधिक पाणी असते. म्यूसिन या शर्करायुक्त प्रथिनांचे जाळे ते पाणी धरून ठेवते. शिवाय क्षार, पेशी, प्रतिद्रव्ये आणि लायसोझाइमसारखी जंतुनाशक द्रव्येही असतात. त्यामुळे बूच वाट अडवते, तसेच जंतूंचा प्रतिकारही करते.

भौतिक गुणधर्म : बीज सुटण्याच्या सुमारास इस्ट्रोजेनमुळे श्लेष्म्यात पाणी वाढते. तो कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा नितळ होतो आणि 8 ते 10 सें.मी. ताणला तरी तुटत नाही. काचपट्टीवर वाळवल्यास त्यातील मिठाचे स्फटिक नेच्याच्या पानासारखी नक्षी धरतात. गर्भारपणात प्रोजेस्टेरॉनच्या प्रभावाने चित्र उलटते. पाणी घटते, जाळ्याची वीण दाट होते. श्लेष्मा अपारदर्शक, पांढरट-पिवळसर बनतो, थोडा ताणताच तुटतो आणि नेच्याची नक्षी सहसा उमटत नाही. त्याची श्यानता वाढते, पण लवचिकपणाही टिकतो. म्हणून बूच जागीच राहते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील संशोधकांच्या सहभागाने 2013मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अकाली प्रसूतीचा धोका असलेल्या स्त्रियांचा श्लेष्मा अधिक ताणला जाणारा व सूक्ष्मकणांना अधिक वाट देणारा आढळला. मात्र रोजच्या तपासणीत श्लेष्म्याची अशी चाचणी केली जात नाही.

लक्षणांचा अर्थ : गर्भारपणात पातळ, पांढरट, दुर्गंधी नसलेला स्राव वाढणे स्वाभाविक आहे. खाज, दुर्गंधी, हिरवट रंग किंवा जळजळ असल्यास संसर्गाची शंका घ्यावी. दिवस भरत आल्यावर गर्भाशयमुख मऊ होऊन उघडू लागते आणि बूच सुटते. किंचित रक्त मिसळलेला चिकट गोळा पडतो. त्यानंतर कळा काही तासांत सुरू होतात, कधी बरेच दिवसही लागतात. पाणमोट फुटल्यास मात्र पाण्यासारखा स्राव थांबत नाही. गर्भजल काचपट्टीवर वाळवले की नेच्याची नक्षी पुन्हा दिसते. गर्भारपणातील श्लेष्म्यात ती सहसा नसते, म्हणूनच ही खूण निदानाला उपयोगी पडते.

पिंपरी-चिंचवड व चाकण परिसर : पुण्याजवळच्या या औद्योगिक पट्ट्यात कामासाठी बाहेरगावाहून आलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. 'अंगावरून पांढरे जाते' एवढेच सांगून अनेक जणी गप्प राहतात, आणि विचारावे अशी आई-मावशी गावाकडे असते. पिंपरीत महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, मोहननगरला राज्य कामगार विमा रुग्णालय आणि चाकणला ग्रामीण रुग्णालय आहे. 2016पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी आरोग्यकेंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. तेथे स्रावाचा रंग, वास व दाटपणा मोकळेपणाने सांगावा. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

37 आठवड्यांपूर्वी चिकट गोळा पडला, लाल रक्त गेले किंवा पाणी वाहू लागले, तर कामाची पाळी बदलण्याची वा सुट्टीची वाट न पाहता लगेच रुग्णालयात जावे. वाहन नसल्यास 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.