सायगॉनची वाट कारैकलवरून

14 फेब्रुवारी 1739 रोजी फ्रेंचांनी कारैकलचा ताबा घेतला. बंदर, शेजारचा किल्ला आणि 5 गावं एवढ्याचा सौदा आदल्या वर्षी 40,000 चक्रम नाण्यांना ठरला होता. विकणारा तंजावरच्या भोसले घराण्यातला, गादी गेलेला राजा. फ्रेंच दप्तरात त्याचं नाव ‘साहूजी’ असं येतं. गादी परत मिळवायला त्याला मदत हवी होती, फ्रेंचांना किनाऱ्यावर जागा. पुढे तंजावरच्या गादीवर आलेल्या प्रतापसिंहानंही फ्रेंचांना कारैकलभोवतालची आणखी गावं दिली. आपल्या इतिहासात या व्यवहाराची फारशी दखल नाही. मला तो मोलाचा वाटतो. आज कुंभकोणमच्या मराठी घरात कुणी गवती चहा घालून निखाऱ्यावर बर्गर भाजला, तर त्याची कुळकथा याच सौद्यापासून सांगावी लागते.

कुंभकोणमहून कारैकल 50-60 किलोमीटर. फ्रेंचांनी 1859 मध्ये व्हिएतनाममधलं सायगॉन घेतलं, 1862 मध्ये तिथे कोचिनचायना ही वसाहत झाली, आणि ती चालवायला फ्रेंच जाणणारी माणसं पाँडिचेरी-कारैकलमध्ये आयतीच होती. शिपाई, कारकून, बाजाराचा कर वसूल करणारे असे तमिळ लोक जहाजानं तिकडे गेले. 1881 च्या हुकमानं, आपला परंपरागत कायदा सोडून फ्रेंच कायदा पत्करायची मुभा मिळाली. तो पत्करणाऱ्यांनी फ्रेंच आडनावंही घेतली. चेट्टियार सावकारही तिथे पोचले. सायगॉनमधलं मारीअम्मनचं देऊळ अजून नांदतं आहे.

या माणसांबरोबर करीही गेली. दक्षिण व्हिएतनाममध्ये कोंबडीची ‘का री’ नारळाच्या दुधात, गवती चहा आणि रताळं घालून शिजवतात व पावाशी खातात. मसाला तमिळ, पाव फ्रेंच, सुगंध तिथला. 1954 मध्ये फ्रेंच व्हिएतनाममध्ये हरले आणि त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला पाँडिचेरी-कारैकलही भारताकडे आलं. सायगॉनहून परतलेल्या घरांत व्हिएतनामी सुना होत्या. पाँडिचेरीत ‘नेम’ नावाच्या तळलेल्या गुंडाळ्या करतात, त्या याच घरांमुळे.

पावाच्या पोटात सारण भरून हातात द्यायची सायगॉनची चाल ‘होआ मा’ या दुकानानं 1958 पासून रूढ केली. त्या पावात गाजर-मुळ्याचं आंबटगोड लोणचं, कोथिंबीर, मिरची असते. खिम्याची टिक्की मात्र उत्तरेची: हनोईचा ‘बुन चा’ म्हणजे निखाऱ्यावर भाजलेल्या डुकराच्या खिम्याच्या चपट्या टिक्क्या, तांदळाच्या शेवया आणि पाला. बर्गर अमेरिकेनं जगभर नेला. त्यात हे दोन्ही सहज बसतं.

घरी करताना खरी गोष्ट गवती चहाची. आपण पात चहात टाकतो, व्हिएतनामी बायका खालचा पांढरा दांडा वापरतात. वरची दोन-तीन सालं काढायची, दांडा ठेचायचा आणि मग इतका बारीक चिरायचा की बोटांत धागा लागू नये. नाहीतर तो दातांत अडकतो. अर्धा किलो खिम्याला दोन दांडे, लहान सांबार कांदे, लसूण, मिरपूड, चमचाभर साखर आणि ‘नुओक माम’. हे नेत्तिलीसारखी बारीक मासळी तीनास एक मिठात वर्षभर मुरवून गाळलेलं पाणी असतं. साखर लवकर करपते, म्हणून निखारे राखेनं झाकोळले की मगच जाळीवर टिक्क्या ठेवाव्यात.

पण कुंभकोणमची मराठी घरं बरीचशी देशस्थ ब्राह्मणांची, शाकाहारी. तिथे कावेरीकाठचं कच्चं केळं घ्यावं. सालासकट अर्धवट उकडून, पुरतं गार करून किसावं. गरम किसलं तर चिकट गोळा होतो. मासळीच्या पाण्याऐवजी सोया सॉस, आणि बांधायला दाण्याचं कूट, जे व्हिएतनामी स्वयंपाकालाही परकं नाही. ही टिक्की जाळीतून सुटते, म्हणून बिडाच्या तव्यावर भाजावी.

खिमा ‘ला लोत’ नावाच्या पानात गुंडाळून भाजायचीही व्हिएतनामी रीत आहे. ते पान नागवेलीच्याच कुळातलं. कुंभकोणमच्या विड्याच्या पानाला 2025 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा इथे दुसरं पान शोधायची गरजच काय? बाजारात कोवळं, ‘कोळुंदु वेट्रिलै’ मागावं. जून पान जाड आणि फार तिखट लागतं. देठ व मधली शीर काढून पान टिक्कीला लपेटावं, कडा तेलाचं बोट लावून दाबाव्यात आणि जोडाची बाजू आधी भाजावी, म्हणजे सुटत नाही.