दोर वळणाऱ्या रॉबिनचे वारस

ऍप्रन या शब्दाचे मूळ पाहायला मी कोश उघडला होता. इंग्रजीत तो आधी 'नॅप्रन' होता. 'अ नॅप्रन' असे घाईघाईने म्हणता म्हणता 'न' मागच्या 'अ'ला जाऊन चिकटला आणि 'ऍन ऍप्रन' झाले. असाच तोंडचा 'न' गमावलेले आणखी दोन शब्द तिथे दिले होते. एक सापाचे नाव, ऍडर. दुसरा शब्द अम्पायर. ऍप्रन तिथेच राहिला आणि पुढचे कित्येक महिने मी अम्पायरच्या मागे लागलो.

अम्पायर मूळचा 'नूम्पेर'. तो जुन्या फ्रेंचमधल्या 'नॉनपेर'वरून आला. 'पेर' म्हणजे जोडीचा, बरोबरीचा. 'नॉनपेर' म्हणजे ज्याची जोडी लागत नाही असा, विषम. दोघांत वाद झाला की दोघांपैकी कुणाचाच नसलेला तिसरा. मराठीत त्याला नेमका शब्द आहे, तिऱ्हाईत. पण खेळाच्या मैदानावर आपण त्याला तिऱ्हाईत म्हणत नाही, पंच म्हणतो. पंच म्हणजे पाच. पाच हीसुद्धा विषमच! दोन दूरदूरच्या भाषांनी न्याय करणाऱ्याला नाव देताना त्याचे वय, विद्वत्ता, हुद्दा काही पाहिले नाही. दोघींनी संख्या पाहिली.

यावर एक रास्त आक्षेप आहे. पंचायतीत पाचांहून जास्त माणसेही बसत. शिवाय 'पाचामुखी परमेश्वर' ही म्हण पुष्कळांच्या एकमुखी बोलण्याला मान देते, उरलेल्या एकाला नाही. म्हणजे अम्पायर हा एकटा आणि पंच हा समुदाय. दोघांची सोयरीक लावू नये. आक्षेप वजनदार आहे, तरी मला तो पटत नाही. पंचांच्या वर एक सरपंच का लागतो, याचे उत्तर त्यात मिळत नाही. दोन माणसे तुझी, दोन माझी आणि पाचवा कुणाचाच नाही, अशीच ती मूळ मांडणी असणार, असा माझा तर्क आहे. चौघे आपापल्या बाजूने ओढणार हे गृहीत धरायचे आणि निकाल पाचव्यावर सोडायचा.

ही मांडणी इंग्रजीत किती जुनी आहे ते चौदाव्या शतकातल्या विल्यम लँगलंडच्या 'पियर्स प्लाउमन' या दीर्घकाव्यात दिसते. त्यात एका गुत्त्याचा प्रसंग आहे. क्लेमेंट नावाचा मोची अंगावरचा झगा काढून टाकतो, हिक नावाचा मोतद्दार डोक्यावरची कुंचीसारखी टोपी काढतो, आणि अदलाबदलीचा खेळ सुरू होतो. कुणाच्या वस्तूची किंमत जास्त, दुसऱ्याने वर किती भर घालायची, हे ठरवायला दोघे जण उठतात, कानात कुजबुजतात, मोल करतात. पण त्यांचे जमत नाही. शेवटी दोर वळणारा रॉबिन उठतो आणि त्याला नूम्पेर नेमतात. निकालानंतर जो आधी कुरकुरेल त्याने गॅलनभर दारू पाजायची, असा दंडही तिथेच ठरतो. पंचांशी हुज्जत घातल्याबद्दल आज दाखवतात त्या पिवळ्या कार्डाचे मूळ मला या गॅलनमध्ये दिसते.

आधी दोघे, त्यांचे जमेना म्हणून तिसरा. रॉबिन आपणहून न्याय द्यायला धावत नाही. वाद अडल्यावर त्याच्याकडे येतो. हे लक्षात ठेवून फुटबॉलकडे वळू.

१८६३ मध्ये लंडनला फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. तिच्या पहिल्या नियमांत पंच नव्हताच. वाद झाला तर दोन्ही कर्णधार मिटवतील, असा सभ्य गृहस्थांचा भरवसा होता. तो फार टिकला नाही. इटन शाळेच्या १८४७ च्या नियमांत दोन्ही बाजूंचा एकेक अम्पायर होता. १८७१ मध्ये एफए कप सुरू झाला तेव्हा हीच पद्धत वर आली: दोन अम्पायर आणि त्यांच्याखेरीज एक रेफ्री.

या दोन शब्दांची इथे अदलाबदल झालेली आहे. अम्पायर म्हणजे मुळात विषम, तिसरा. पण फुटबॉलमध्ये अम्पायर दोन, म्हणजे जोडीच! गुत्त्यात मोल करायला उठलेल्या त्या दोघांची जागा अम्पायरांनी घेतली आणि रॉबिनच्या रिकाम्या जागेवर रेफ्री आला. रेफ्री म्हणजे ज्याच्याकडे प्रकरण सोपवले जाते तो. इंग्लंडमध्ये पहिल्या जेम्सच्या काळात मक्तेदारीच्या सनदांचे अर्ज ज्या बड्या अधिकाऱ्यांकडे तपासायला पाठवत, त्यांना रेफ्री म्हणत. फ्रान्सिस बेकन त्यांपैकी एक. १६२१ च्या पार्लमेंटमध्ये या सनदांवरून रान उठले तेव्हा रेफ्रींनी काय पाहून शिफारस केली, असा जाब विचारला गेला. रेफ्रीने काय पाहिले, हा प्रश्न फुटबॉलच्या आधी अडीचशे वर्षे विचारून झालेला आहे.

फुटबॉलचा हा रेफ्री मैदानाबाहेर उभा राहायचा. हातात घड्याळ, लक्ष खेळावर. दोन्ही अम्पायरांचे एकमत झाले तर त्याला काम नव्हते. जमले नाही तरच दोघे त्याच्याकडे वळत. अम्पायरही आपणहून बोलत नसत. खेळाडूंनी अपील करावे लागे, आज क्रिकेटमध्ये करतात तसेच. २ जून १८९१ रोजी ग्लासगोत आंतरराष्ट्रीय नियम मंडळाची बैठक झाली. पेनल्टी किक त्याच बैठकीत जन्मली म्हणून ती प्रसिद्ध आहे. पण तिथेच रेफ्रीला मैदानात आणले आणि अम्पायरांना रेषेवर धाडून लाईन्समन केले. पुढे अपिलाची अटही गेली. रेफ्री सगळे आपणच पाहू लागला आणि आपणच ठरवू लागला. साक्षीदार आणि न्यायाधीश एकाच माणसात कोंबले गेले.

म्हणून माझा मुद्दा असा, की पडद्यासमोर बसलेला व्हिडिओ सहायक पंच, म्हणजे व्हीएआर, फुटबॉलमध्ये परका नाही. १८९१ मध्ये रिकामी झालेली मैदानाबाहेरची जागा त्याने भरली आहे. रेफ्री आज निर्णय तपासायला कडेच्या पडद्याकडे धावतो, तो आपल्या पणजोबाच्याच जागी जाऊन उभा राहतो.

या कुळावर दुसऱ्यांचेही दावे आहेत. अमेरिकन फुटबॉलने १९८६ मध्येच चित्रफीत पाहून निर्णय तपासायला सुरुवात केली होती. पण १९९१ च्या हंगामानंतर ती बंद झाली आणि १९९९ मध्ये परत आली. अशा तुटक धाग्यावर वंशावळ टांगता येत नाही. क्रिकेटचा दावा पक्का आहे आणि आपल्या घरातला आहे. १४ नोव्हेंबर १९९२, डरबन. जाँटी ऱ्होड्सच्या फेकीवर सचिन तेंडुलकर धावबाद आहे का, हे मैदानावरच्या सिरिल मिचली यांना ठरवता येईना. त्यांनी हाताने चौकट काढली, कार्ल लीबेनबर्ग यांनी पडदा पाहिला, सचिन बाद. तिसऱ्या पंचाने बाद दिलेला तो जगातला पहिला फलंदाज. 'तिसरा पंच' हा शब्द मराठी घराघरांत बसला तो तेव्हापासून.

कॅमेरा आणि पडदा ही सामग्री क्रिकेटकडून आली हे मी आनंदाने मान्य करतो. मात्र पद क्रिकेटचे नाही. मैदानावरचे दोन आणि बाहेरचा तिसरा, तोही विचारल्याशिवाय न बोलणारा: डरबनलाही बसला होता तो रॉबिनच. क्रिकेट आणि फुटबॉल ही बाप-लेक नसून सख्खी भावंडे आहेत. आणि आता मोजून पाहा. रेफ्री एक, रेषेवरचे सहायक दोन, चौथा पंच एक, व्हीएआर एक. पाच! व्हीएआरच्या शेजारी त्याचा मदतनीसही बसतो हे खरे, पण त्याला मी पंचाचा कारकून मानतो. मराठीने दिलेले नाव फुटबॉलमध्ये पूर्ण केले ते या पाचव्याने.

एक गाठ मात्र माझ्या सिद्धान्ताला सुटत नव्हती. जुन्या बाहेरच्या रेफ्रीचा शब्द अखेरचा असे. व्हीएआरचा नसतो, नियमानुसार अखेरचा निर्णय मैदानावरच्या रेफ्रीचाच. मग हा रॉबिन कसा? ती गाठ मराठीनेच सोडवली. आपल्याकडे पंच शब्दाचा आणखी एक अर्थ रोजच्या वापरात आहे, पंचनाम्यातला पंच. चोरी झाली, अपघात झाला, की पोलीस परिसरातल्या दोन प्रतिष्ठित रहिवाशांना बोलावतात. काय कुठे पडले आहे ते ते पाहतात आणि खाली सही करतात. पंच असूनही ते निवाडा करत नाहीत. ते साक्षी असतात. एकाच शब्दात न्याय देणारा आणि डोळ्यांनी पाहून सही करणारा, दोघे राहतात. फुटबॉलमध्ये व्हिडिओ असावा की नसावा, हा वाद इतका चिघळला तो या दोन पंचांची गल्लत झाल्यामुळे.

९ जुलै २००६, बर्लिन, विश्वचषकाची अंतिम लढत. झिनेदिन झिदानने मार्को मातेराझ्झीच्या छातीवर डोके आपटले ते रेफ्री होरासिओ एलिझोंदो यांना दिसले नाही. चौथे पंच लुईस मेदिना कांतालेखो यांनी कळवले आणि लाल कार्ड निघाले. त्यांनी ते पडद्यावर पाहिले, असा फ्रान्सच्या प्रशिक्षकांचा आक्षेप. प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले, असा फिफाचा खुलासा. धडक खरी होती, निर्णय बरोबर होता, तरी साक्षीदाराने कुठून पाहिले याची सफाई द्यावी लागली. २००९ मध्ये ब्राझील-इजिप्त सामन्यात रेफ्री हॉवर्ड वेब यांनी आधी कॉर्नर आणि मग पेनल्टी दिली, तेव्हाही हीच तक्रार झाली. खऱ्या साक्षीचीच चोरी वाटावी, अशी त्या काळच्या नियमांची अवस्था होती.

पुढचे टप्पे सर्वांना ठाऊक आहेत. २०१० च्या विश्वचषकात इंग्लंडच्या फ्रँक लँपार्डचा रेषेच्या चांगला आत पडलेला चेंडू गोल ठरला नाही. २०१२ मध्ये गोलरेषा तंत्राला मान्यता मिळाली. नेदरलँड्सच्या प्रयोगांनंतर २०१६ मध्ये व्हीएआरच्या चाचण्या सुरू झाल्या. २०१८ मध्ये तो नियमांत आणि रशियातल्या विश्वचषकात आला. गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि भलत्याच खेळाडूला दिलेले कार्ड, या चारच बाबींत, आणि तेही स्पष्ट व उघड चूक असेल तरच, त्याने बोलायचे. नियम लिहिणाऱ्यांनी पंचनाम्याचा पंच नेमला होता.

पडद्यांच्या खोलीत बसलेल्यांनी त्याला हळूहळू न्यायाधीश केले. ऑफसाइडच्या बाबतीत तर रेफ्री बहुधा पडद्याकडे जातही नाही. खोलीतून कळते आणि तो हात वर करतो. ३० सप्टेंबर २०२३ रोजी टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुईस दियाझने केलेला गोल सहायकाने ऑफसाइड म्हणून नाकारला. खोलीतल्यांनी चित्र अगदी बरोबर पाहिले: दियाझ ऑफसाइड नव्हता. पण मैदानावर गोल दिलेला आहे अशा समजुतीत त्यांनी 'तपासणी पूर्ण' एवढेच सांगितले. खेळ सुरू झाला आणि वैध गोल गेला. साक्षीदाराने काय दिसले ते सांगायचे असते. ऑफसाइड नसल्याचे ते साधे वाक्य त्या दिवशी उच्चारले गेले असते तर गोल वाचला असता. चूक कॅमेऱ्याची नव्हती. पंचनामा न लिहिता निकालावर शिक्का मारला गेला, ही चूक होती.

सुधारणेची वाटही जुनीच आहे. २०२४ मध्ये कोलंबियातल्या वीस वर्षांखालील महिला विश्वचषकात फिफाने एक साधी पद्धत वापरून पाहिली. स्वतंत्र खोली नाही, व्हीएआर नाही. प्रशिक्षकाला प्रत्येक सामन्यात दोन अपिले. त्याने दाद मागितली की रेफ्री स्वतः पडद्याशी जातो, पाहतो आणि ठरवतो. फुटबॉलने सव्वाशे वर्षांपूर्वी टाकून दिलेले अपील असे परत आले. विचारल्याशिवाय रॉबिन उठत नाही, ही जुनी शिस्त त्यासोबत आली. आणि खोली नको, कॅमेऱ्यांची फौज नको, म्हणजे गरीब स्पर्धांनाही ती परवडेल.

तसल्या एका सामन्याचा सल मला आहे. ११ जून २०२४, दोहा, विश्वचषकाची पात्रता फेरी. तेव्हा मुंबई सिटीकडून खेळणाऱ्या लालियांझुआला छांगतेच्या गोलने भारत कतारविरुद्ध पुढे होता. ७३ व्या मिनिटाला चेंडू गोलखांबाच्या बाजूने रेषेबाहेर गेला, कतारच्या खेळाडूने तो मागे ओढला, यूसुफ आयमेनने जाळ्यात मारला आणि गोल दिला गेला. गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू आणि सगळा संघ दाद मागत राहिला. घरी बसलेल्या प्रत्येकाला पडद्यावर चेंडू बाहेर दिसत होता. ज्याने पाहायला हवे होते त्या एका माणसालाच पडदा नव्हता, कारण त्या फेरीत व्हीएआर नव्हता. भारत १-२ हरला आणि पुढच्या फेरीची दारे बंद झाली.

फुटबॉलने व्हिडिओ वापरावाच, असा माझा स्पष्ट निर्वाळा आहे. मात्र पडद्याने पंचनामा करावा आणि निवाडा मैदानावरच्या माणसाने द्यावा. आणि दाद मागणाऱ्याला ती मागायची सोय प्रत्येक पात्रता फेरीत असावी, फक्त श्रीमंतांच्या स्पर्धांत नव्हे. दोहाला अपील झाले होते. ते नेऊन ठेवायला रॉबिन तेवढा तिथे नव्हता.