कावसजीचे नाक आणि मेणाचे माप

मराठीत नाक म्हणजे अब्रू. म्हणूनच नाक कापण्याच्या शिक्षेत इजेहून अप्रतिष्ठा मोठी असे. १७९२ च्या म्हैसूर युद्धात इंग्रज सैन्यात बैल हाकणारा कावसजी हा मराठा टिपूच्या कैदेत सापडला आणि नाक व एक हात गमावून बसला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्यास नवे नाक घडवून दिले. ही हकीकत लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझीन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात प्रसिद्ध झाली. तीत वर्णिलेली पद्धत अशी : उरलेल्या नाकावर मेणाचा पातळ पत्रा बसवून आकार सिद्ध करीत; तो कपाळावर सपाट पसरून तेवढी कातडी सोडवीत आणि भुवयांमधील देठ राखून ती खाली वळवीत. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास देठ छेदीत. लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली हीच पद्धत अवलंबिली.

पुढे बर्लिनच्या जाक योसेफ यांच्याकडे धडधाकट नाकाचे लोकही, त्यांत अनेक ज्यू, येऊ लागले. समाजात आपण वेगळे दिसू नये, हा त्यांचा हेतू होता. कावसजीला हवा होता तो स्वसमाजातील गेलेला मान. वंशवैशिष्ट्य राखून नासिकाशस्त्रक्रिया करावी, या आजच्या आग्रहाचे मर्म त्या मेणाच्या पत्र्यात दिसते : कातडी रुग्णाची, आणि मापही त्याच्याच चेहऱ्यावर घेतलेले.